हिरवी बाटली आणि हायड्रोमीटर

बाटल्या बोलायच्या आणि माणसं ऐकायची, तेव्हाची ही गोष्ट. वसईचे इनासकाका घरीच बिअर करायचे. सातूच्या गोड पाण्यात यीस्ट घातलं, की पिंप फसफसू लागायचं.

एकदा फेस लवकर बसला. फळीवरची हिरवी बाटली उतावीळ झाली. "काका, झाली की बिअर! भरा आम्हाला!"

"थांबा," पाणी किती जड ते दाखवत पिंपात तरंगणारा काचेचा हायड्रोमीटर म्हणाला. "साखर उरलीय. ती संपेल तसं पाणी हलकं होईल आणि मी खाली जाईन. दोन दिवस अंगावरच्या एकाच रेघेवर राहिलो, की भरा."

"स्वतः रोज बुडतोस आणि आम्हाला शहाणपण शिकवतोस?" बाटली फणकारली.

काकांनी करून पाहायला शेजारची पांढरी बाटली तेवढी भरून घट्ट झाकण ठोकलं. उरलेली साखर आत फसफसत राहिली, वायू कोंडला आणि तिसऱ्या दिवशी ती धाडकन फुटली. हिरवीच्या अंगावर काचा उडाल्या.

हायड्रोमीटर खाली जाऊन एका रेघेवर दोन दिवस थांबला, तेव्हाच काकांनी फेसापुरती चिमूटभर साखर मोजून घालून हिरवीला भरलं.

नाताळात झाकण उघडताच ती नुसती फस्स हसली. रिकामी होऊन फळीवर परतल्यावर ती हायड्रोमीटरला हळूच म्हणाली, "भाऊ, पुढच्या खेपेला हवे तितके दिवस बुडा. मी थांबेन."