न विचारलेला दगड

पुष्कळ पूर्वी, घाटात अजून गाडीवाट झाली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी जवळ बसून ऐकावी. थोरांनी लांबून ऐकली तरी चालेल, पण ऐकावी, कारण ती जास्त त्यांचीच आहे.

घाटाच्या पायथ्याला भोयांची एक वाडी होती. आजारी माणसे, म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया यांना डोलीत बसवून घाट चढवायचा, हा त्यांचा धंदा. एका डोलीला दोन भोई. पुढच्याला वाट दिसते. मागच्याच्या डोळ्यांपुढे डोली असते, त्याला काहीच दिसत नाही. म्हणून पुढचा हाक देतो, "खड्डा रं!", "निसरडं रं!" आणि त्या हाकेवर मागचा पाऊल टाकतो. मागच्या भोयाचे डोळे पुढच्याच्या तोंडात, असे वाडीत म्हणत.

सुभाना पुढे आणि गेनू मागे, असे ते दोघे मिसरूड फुटल्यापासून चालत आले होते. त्याआधी लंगोटीतही एकत्रच हिंडले होते. एके दिवशी उतरणीला एक सुटा दगड आला आणि हाक काही आली नाही. गेनू पडला. गुडघा गेला तो गेलाच. त्याच महिन्यात वाडीला नवा नाईक नेमायचा होता. लोकांच्या मनात गेनू होता, पण लंगड्या भोयाला नाईक कोण करणार? सुभाना नाईक झाला.

झाले! गेनूच्या मनात किडा शिरला. ह्याला दगड दिसला होता. दिसला, आणि हा गप्प राहिला. तोंडाने मात्र गेनू कधी काही बोलला नाही, फक्त सुभानाशी बोलणे तोडले, आणि वाडी काय ते समजली. तो अंगणात सुंभ वळत बसू लागला, आणि वीस वर्षे सुंभाबरोबर संशयही वळत राहिला.

पुढे सुभानाच्या पोटात गोळा धरला. वैद्याने नाडी पाहिली आणि सांगितले, "नाईक, नवी नाचणी काही तुमच्या ताटात येत नाही." सुभानाने मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या सुनेला गेनूकडे धाडले.

"गेनूकाका, मामंजींनी बोलावलंय. बसायला या म्हणाले."

ती गेल्यावर गेनू म्हणाला, "वीस वर्षांत बोलावलं नाही. आता का?"

"अवं, मरतंय ते माणूस," त्याची बायको चुलीपासून म्हणाली. "मरणाऱ्याला कसला आलाय डाव?"

"तुला नाही कळायचं. मरणारा माणूसच सगळ्यात पक्का डाव टाकतो. त्याला परत कोण विचारणार?"

"मग जाऊन डाव तरी बघून या. नाहीतर इथं बसून माझ्या भाकरीवर डोळे वटारताय."

गेनू गेला. पाहतो तर सुभाना खाटेवर बसून तिरडीचे बांबू ठोकून पाहत होता.

"ये गेन्या. हा बांबू बघ, पुढून हलका आहे. मला उतरणीला डोकं खाली घालून न्यायचा बेत दिसतो पोरांचा."

गेनूला हसू आले, ते त्याने गिळले. सुभानाने आपल्या शेवटच्या वाटेचा सगळा बेत सांगितला. ओढ्याकडून न्यायचे, तिकडे चढ कमी. लाकूड वाळलेले घ्यायचे, धुराने लोकांच्या डोळ्यांना उगाच त्रास नको. रडायला येणाऱ्या बायांना आधी भाकरी घालायची, उपाशीपोटी सूर लागत नाही. "आणि पुढचा उजवा खांदा तुझा," तो म्हणाला.

"माझा गुडघा दिसत नाही वाटतं नाईकांना?"

"दिसतो की. सावकाश चला. मला कुठं पोचायची घाई आहे?"

गेनूने मनाशी खूणगाठ बांधली. खांदा दिला की वैर फिटले, अशी वाडीची रीत होती. म्हणजे हा डाव! फुकटात सुटायचे आहे ह्याला. बरा सापडला!

तरी दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा गेला, कारण डाव पुरता कळला पाहिजे. सुभाना दगडाबद्दल चकार शब्द बोलला नाही. तो लहानपणाबद्दलच बोलत होता.

"ओढ्यात खेकडे धरायचो आपण. तुझ्या अंगठ्याला एक लोंबकळत होता, आणि तू त्याच्यासकट घरापर्यंत बोंबलत गेलास. आठवतं?"

गेनूला चांगले आठवत होते. अंगठ्यावर वण अजून होता. पण हो म्हटले की हा पुढे काय काढील कुणास ठाऊक! अंगठा मुठीत घेऊन तो म्हणाला, "नाही बा."

"म्हशीवर बसून लग्नाच्या वरातीत घुसलो होतो, ते?"

"असेल."

"आणि माझ्या आईचा तांब्या तुझ्या हातून डोहात गेला. मार मी खाल्ला. तुझं नाव नाही सांगितलं."

हे ऐकून गेनूच्या कपाळाची शीर उडाली. बघा, आला ना मुद्द्यावर! माझी जुनी चूक काढून आपल्या चुकीशेजारी मांडतो आहे, फिटंफाट करायला.

"मला नाही आठवत," तो तुटकपणे म्हणाला.

सुभाना बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. काही विचारायचे आहे का तुला, अशी ती नजर होती. गेनूला ती नजर कावेबाज वाटली. तो सुंभाचे निमित्त सांगून उठला.

असे आठ दिवस चालले. सुभाना सांगायचा आणि गेनू नाही म्हणायचा. होता होता सुभानाचा आवाज बारीक झाला. आठव्या दिवशी तो म्हणाला, "गेन्या, तुला एवढंही आठवत नसेल, तर मला हे सगळं स्वप्नच पडलं होतं का रे?"

गेनू उठून चालता झाला. पण घरी आल्यावर भाकरी गोड लागेना.

"डाव सापडला का?" बायकोने विचारले.

"नाही."

"मग सरळ विचारा की त्याला. तोंडाला काय सुंभ बांधलंय?"

ते शब्द गेनूला लागले. दुसऱ्या दिवशी तो सकाळीच निघाला. वाटेत त्याने मनाशी घोकले, "त्या दिवशी दगड तुला दिसला होता का?" एवढेच विचारायचे. तो काय बोलेल ते बोलेल.

पोचला तेव्हा सुभानाची वाचा गेली होती.

गेनू खाटेला धरून खाली बसला. त्याने विचारले. एकदा विचारले, दोनदा विचारले. सुभानाचे ओठ हलले, पण आवाज आला नाही.

सून कोपऱ्यात उभी होती. ती हळूच म्हणाली, "काका, आज विचारलंत? त्यासाठीच तर मामंजींनी बोलावलं होतं तुम्हाला. म्हणायचे, गेनू विचारील तेव्हा सांगीन. आपण होऊन सांगितलं तर त्याला वाटेल, मरताना सारवासारव करतोय. जुन्या गोष्टी काढल्या की त्याची जीभ सैल होईल."

"मग काय सांगणार होता तो?"

"ते मला नाही सांगितलं. म्हणाले, ते गेनूचं आहे."

गेनूने सुभानाचा हात धरला. "तांब्या मीच बुडवला, सुभान्या. खेकडा आठवतो, म्हैस आठवते, समदं आठवतं." सुभानाच्या डोळ्याच्या कडेला पाणी आले. ते ऐकून आले की दुखण्याने आले, ते गेनूला समजले नाही. संध्याकाळच्या आत सुभाना गेला.

त्याला बेताप्रमाणेच नेले. पुढचा उजवा खांदा गेनूने दिला. बाकीच्या तिघांनी त्याच्या लंगड्या पावलाशी पाऊल जुळवले. विसाव्याला तिरडी टेकली, तेव्हा एक म्हातारा म्हणाला, "चला गेनूदादा, वैर फिटलं."

गेनू म्हणाला, "फिटलं की मुळात नव्हतंच, ते सांगणारा आता तिरडीवर निजलाय."

पुढे गेनू पुष्कळ जगला. रात्रंदिवस तो एकाच दगडाला अडखळत राहिला, आणि त्याला हाक देणारे कुणी उरले नव्हते.

म्हणून सांगतो, ज्याच्यावर संशय आहे त्याला तो जिता असतानाच तोंडावर विचारावे. माणूस मेला की उत्तर त्याच्याबरोबर जाते, आणि संशय तेवढा आपल्यापाशी राहतो.