खाडीतली काजूबाग

सरकारी कलमं द्यायची तर जमीन काजूला योग्य आहे का, हे बघायला कृषी खात्याचे खानविलकर साहेब शिपायासोबत टॅब घेऊन मृणालीच्या टेकडीवरच्या जमिनीत आले. टॅबवरच्या नकाशातला जागेचा ठिपका पाहून म्हणाले, "बाई, ही जागा खाडीत येते. कलमं मिळणार नाहीत."

मृणालीनं लेकीला कडेवर सावरलं. पदवीधर खरी, पण साहेबांपुढं बोलायला ती बिचके. "नकाशा चुकला असेल, साहेब."

"उपग्रहाचा नकाशा चुकत नसतो."

कलमं जाणार या धास्तीनंच ती बोलून गेली, "मग आधी तुमच्यासाठी होडी मागवते, साहेब. त्या ठिपक्यावर तुम्हीच उभे आहात."

शिपायाला एकदम खोकला आला. साहेबांनी आपल्या कोरड्या बुटांकडं पाहिलं, ठिपका टेकडीवर सरकवला आणि ते पुटपुटले, "काजूला योग्य."

ते गेल्यावर मृणाली लेकीला घेऊन मटकन खाली बसली, आणि मग तिला हसू आवरेना.