आडमाळला वेस का नाही

बयाजी आबा अगदी लहान होते तेव्हा त्यांनी एक आवाज ऐकला होता. वंगण न घातलेल्या चाकांची करकर. धरणाखाली गेलेल्या गावांतली माणसं गाड्यांत संसार भरून आडमाळवर आली होती. एक गाडी सुटते न सुटते तोच दुसरी वळणावर दिसायची. तेव्हापासून हा माळ निवांत असा झालाच नाही, असं आबा म्हणतात. धरणवाल्यांच्या मागून मेंढरंवाले थांबले. मग कारखाने आले, कारखान्यांमागून मराठवाड्याकडचे कामगार, आणि आता ज्या मुरमावर कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं तिथे चारचार मजल्यांच्या इमारती. गावाची हद्द कुठवर, हे आता गावातल्यांनाही धड सांगता येत नाही.

नव्या कॉलनीतले मोहोळकर नवराबायको संध्याकाळी फिरत साळूच्या तळ्यावर आले, तेव्हा आबा काठावर बसले होते.

"आबा, आजूबाजूच्या प्रत्येक गावाला वेस आहे," काकूंनी विचारलं. "इथली पडली का?"

"पडली न्हाई. पाडली. बसा, सांगतो."

सांगताना आबांचं ध्यान मात्र खालच्या पायरीकडे होतं. तिथे शेषाबाई रिकामी कळशी घेऊन बसली होती. इमारतीच्या कामावर ती हिंगोलीकडून नुकतीच आली होती. तिची धाकटी मुलगी तापाने फणफणली होती आणि ठेकेदाराच्या पिंपातलं सिमेंटच्या वासाचं पाणी तोंडाला लावत नव्हती. शेषाबाई रोज यायची, वाट बघायची, रिकामीच उठून जायची. आबांच्या जिवाला त्यामुळे स्वस्थता नव्हती.

फार पूर्वी म्हणे गाव इथे नव्हतंच. वर टेकडीवर होतं. मोजकी घरं, मधे एक आड, भोवती कोट आणि कोटाला वेस. एका साली पाऊस फिरकलाच नाही. उगवतीकडून माणसं गुरं घेऊन निघाली आणि वेशीबाहेर येऊन बसली. पाटलाने आडात दोर सोडून बघितला आणि सांगितलं, "पाणी आपल्यापुरतंच आहे." पाटील वाईट माणूस नव्हता, असं जुनी माणसं आवर्जून सांगतात. पाणी खरंच थोडं होतं.

पाटलाची धाकटी सून साळू त्याच साली लग्न होऊन आली होती. गावात सगळ्यात शेवटी आलेली तीच. सासऱ्यापुढे मान वर न करणारी ती पोर त्या दिवशी ओसरीवर आली.

"मामंजी, मला घरात घेताना पायांवर पाणी घातलंत. ते बी आडातलंच व्हतं न्हवं?"

"तू आपली झालीस."

"कधीपास्नं?"

साळूने घागर भरून कमरेवर घेतली आणि ती वेशीबाहेर गेली. मागे वेशीचं दार लागलं. तिने एकेकाला घोट घोट पाजलं. घागर संपली तशी ती परतली. दार काही उघडलं नाही. पाटलाने नाही म्हटलं, आणि गावातल्या जुन्या घरांपैकी एकानेही हो म्हटलं नाही.

तेव्हा साळूने शपथ घेतली, की वाट चालून आलेलं शेवटचं माणूस पिईपर्यंत मी पाणी पिणार नाही. टेकडीखालच्या खोलगटीत उतरून ती घागरीच्या काठाने माती उकरू लागली. तिचं बघून बाहेरची माणसंही हातांनी, काठ्यांनी, गुरांच्या दाव्याच्या खुंट्यांनी खणू लागली. किती दिवस, ते कुणी सांगत नाही. घागरीचा काठ झिजून गेला म्हणतात. आणि मग खडकाच्या चिरेतून पाणी आलं.

सगळे प्याले. गुरं प्याली. साळूसमोर ओंजळ धरली, तर तिने उगवतीकडे बघितलं. धुळीत अजून माणसं येताना दिसत होती. ती म्हणाली, "त्यांचं होऊ द्या." ती माणसं आली, प्याली, तर त्यांच्या मागे आणखी दिसली. साळू तशीच बसून राहिली. एका सकाळी ती जागेवर नव्हती आणि पाणी काठोकाठ चढलं होतं.

जाण्याआधी ती एवढंच बोलून गेली म्हणे: "शेवटी येईल त्याने पुढच्याला द्यावं. तहान त्याच्या ध्यानात असते. ज्यांनी नाही म्हटलं, त्यांच्या हातांना आता हो म्हणायचाही हक्क नाही."

पुढच्या उन्हाळ्यात वरचा आड आटला. पाटील सगळं गाव घेऊन खाली उतरला. सगळ्यात मागून आलेल्या एका मेंढक्याने त्याच्या हातावर पाणी घातलं, आणि पाटील खाली मान घालून प्याला. मग त्याने स्वतः वेस पाडली. तिचेच दगड या तळ्याच्या पायऱ्यांना लागले.

"आजही गावात कुणी नवं आलं, की त्याच्या आधी आलेला त्याला इथली कळशी भरून देतो," आबा म्हणाले. "मिळंस्तोवर नव्याने पाण्याला हात लावायचा न्हाई. देणाऱ्याची एकदाच पाळी, ती बी सोता प्याल्यावर. आन् आमच्या घराची कधीच न्हाई. आमी त्या पाटलाचे."

काकूंचा चेहरा बदलला. "गेल्या महिन्यात एक न्हावी कळशी घेऊन आला होता आमच्याकडे."

"परभणीचा नागोराव. त्याच्यामागनं तुमीच आलेलं."

"आम्ही ते कुंड्यांना घातलं हो," मोहोळकर हसत म्हणाले. "आम्ही फिल्टरचं पितो."

"प्याला न्हाईत म्हंजी तुमी अजून यायचंच हाय, साहेब."

"मग घरपट्टी कशी घेतली आमच्याकडून?"

आबा यावर हसले नाहीत. काकूंनी खालच्या पायरीकडे पाहिलं. आता त्यांना ती बाई दिसली, कळशी दिसली. "म्हणजे ही आमच्यासाठी अडून बसलीय?" त्या दोन पायऱ्या उतरल्या, वाकल्या, ओंजळ पाण्यात घातली.

"अगं, शेवाळ बघ," मोहोळकर वरून म्हणाले. "मागे असलंच पाणी पिऊन दवाखान्यात किती दिवस होतीस, आठवतंय ना? तिला आपण बाटल्या आणून देऊ विकतच्या."

काकूंच्या ओंजळीतलं पाणी गळून गेलं. त्या तशाच वाकून राहिल्या.

"राहू द्या, बाई," शेषाबाई म्हणाली. "पोरगी घरी एकली हाय म्हून निघते आता." तिने रिकामी कळशी उचलली आणि ती वर चढू लागली.

आबा उठले. गुडघ्यावर हात देऊन एकेक पायरी खाली आले आणि शेषाबाईच्या हातून त्यांनी कळशी काढून घेतली. पलीकडे धुणं धुणाऱ्या बायकांचे हात थांबले. त्यांच्यातली म्हातारी अनसूया म्हणाली, "आबा, इसरलात काय? तुमच्या घरचा हात लागत न्हाई त्या कळशीला."

"ठावं हाय."

"बापाने लावला न्हाई तुमच्या. आज्याने न्हाई."

"तेच तर चाललंय कवापास्नं," आबा म्हणाले. "न्हाईच म्हणत आलोय आमी."

त्यांनी कळशी पाण्यात आडवी केली. बुडबुडे आले आणि थांबले. आपल्या घरच्या हाताने दिलं तर पाणी आटेल, असं त्यांना लहानपणापासून सांगितलेलं होतं, आणि तळ्याकडे बघायचा त्यांना धीर होईना. भरलेली कळशी त्यांनी दोन्ही हातांनी उचलली. थोडं पाणी त्यांच्या धोतरावर सांडलं. शेषाबाईने डोक्यावरची चुंबळ नीट केली, मान ताठ केली. आबांनी कळशी वर ठेवली.

ती वळली आणि भरली कळशी सावरत इमारतीच्या रस्त्याला लागली.