मोलाचा ओलीस

करंजगड आणि नदीपलीकडचं वाघेरी यांच्यात तह होऊन महिनाही झाला नव्हता, तोच सरलष्कर हैबतरावांनी भर दरबारात तो मोडायला काढला. पलीकडून एक बाण घाटावर येऊन पडला, एवढंच निमित्त. लढाई थांबल्यापासून त्यांना कुणी विचारत नव्हतं, हे खरं दुखणं.

"तहाची बाजू घेईल तो फितूर!" ते गरजले. सरदारांचे हात तलवारींच्या मुठींवर गेले.

बाळराजांच्या नावानं कारभार पाहणाऱ्या चिमाबाई राणीसाहेब पेचात पडल्या. नाही म्हणावं तर गादी जाणार, हो म्हणावं तर गावं जळणार. तहासाठी दरबारात राहिलेल्या वाघेरीच्या दूताला त्यांनी विचारलं, "तुमच्याकडेही कुणी असं ओरडतं का?"

"आमचे सेनापती रोज ओरडतात, बाईसाहेब."

राणीसाहेब वळल्या. "सरलष्कर, या राज्यात सगळ्यांत मोलाचा माणूस कोण?"

"मीच! त्यात विचारायचं काय?" हैबतरावांनी मिशीला पीळ भरला.

"मग झालं तर! तहाला मोलाचा माणूस ओलीस द्यायचा, हा आपला रिवाज. या वेळी तेवढंच राहून गेलंय. तुम्ही वाघेरीला राहा, त्यांचे सेनापती इथे येतील. तह मोडला, की पहिलं मुंडकं ओलिसाचं."

मुठींवरचे हात हळूहळू खाली आले.

आठवड्याभरात वाघेरीहून हैबतरावांचा निरोप आला, "घाटावरच्या पोरांना आवरा. नदीत खडासुद्धा टाकू देऊ नका!"