पाळण्याच्या पिवळ्या कड्या

खूप खूप जुनी गोष्ट आहे. एका नगरात सगळ्यांसाठी खुलं असं एक कोठार होतं. कारागीर आपण घडवलेल्या वस्तू तिथे ठेवून जात. कड्या, खिळे, चाकं, दोर, काय हवं ते मिळे. ज्याला लागेल त्याने खुशाल न्यावं, दाम पडत नसे. अटी दोनच होत्या. वस्तूवरची करणाऱ्याची खूण पुसायची नाही आणि वस्तू सुधारली, तर सुधारलेला नमुना कोठारात आणून टांगायचा.

त्या नगरात एक सुतार राहत असे. हातात कला होती, पण गडी मानाचा फार भुकेला. राजाने त्याला जत्रेसाठी बारा पाळण्यांचं उंच चक्र करायला सांगितलं. लाकूड त्याने स्वतः तासलं, बाकी सामान कोठारातून आणलं. पाळणे टांगायच्या चोवीस कड्या तीन लोहारांच्या होत्या. चक्र थांबवणारा खटका एका म्हाताऱ्या कारागिराचा होता. सुताराने त्याला चामड्याचं अस्तर लावलं, तसा तो आवाज न करता बसू लागला.

मग स्वारी कानस घेऊन बसली आणि एकेक खूण घासून काढू लागली.

"अहो, खुणा पुसायच्या नसतात ना?" बायको म्हणाली.

"लोकांनी पाळणा बघायचा, की लोहारांची नावं वाचत बसायचं? तू आपली रंगाचं बघ."

"आणि अस्तराचा नमुना? तो कधी टांगणार?"

"बघू जत्रा झाल्यावर!"

अशा 'बघू'चं पुढे काय होतं, ते सगळ्यांच्या बायकांना ठाऊक असतं. तिन्ही लोहारांच्या कड्या सुताराच्या बायकोने तीन वेगळ्या टोपल्यांत ठेवल्या होत्या. एकेका टोपलीतल्या कड्या घासून आल्या, तशी तिने ती टोपली एकाच रंगात रंगवली. एक पिवळी, एक लाल, एक हिरवी.

"हे काय गं? तीन तीन रंग?"

"रंग दे म्हणालात. कोणता ते कुठे सांगितलंत?"

पाळणा मात्र असा खुलला, की सुतारही हसला.

जत्रेची सकाळ उजाडली. पोरांची ही रांग लागली! पहिला मान सुताराच्या लेकीचा. ती पाळण्यात पाय टाकणार, एवढ्यात दवंडी आली.

"ऐका होऽऽ! घाटाखालच्या लोहाराने निरोप धाडलाय, त्याच्या या खेपेच्या कड्या कच्च्या निघाल्यात! ज्यांनी नेल्या त्यांनी आत्ताच्या आत्ता काढाव्यात होऽऽ!"

चक्राच्या तीन लोहारांपैकी एक तोच होता. सुताराने लेकीला चटकन मागे ओढलं आणि वर पाहिलं. चोवीस कड्या, रंग तीन, पण खूण एकीवरही नाही.

"त्या लोहाराच्या कोणत्या?" दवंडीबरोबर आलेल्या कोतवालाने विचारलं.

"ठाऊक नाही," सुतार कसाबसा म्हणाला.

"मग चक्र मोडा. पोरांच्या जिवाशी खेळ नको."

"मोडताय कशाला?" बायको पुढे आली. "पिवळ्या काढा, त्याच्या टोपलीतल्या त्याच. आठ आहेत."

आठही कड्या खाली आल्या. एकेकीवर हातोडा पडला. सहावीचे खळ्ळकन दोन तुकडे झाले. ती लेकीच्याच पाळण्याची होती.

सुताराने लेकीला पोटाशी धरलं आणि तो सगळ्यांदेखत रडला.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारा चक्रापाशी गेला आणि खटका वरखाली करून पाहू लागला.

"खटका माझा दिसतोय. अस्तर कोणाचं रे?"

"माझं, बाबा. तुमची खूण मीच पुसली. नमुनाही टांगला नाही. चुकलो."

"चुकलास खरा. पण अस्तर झकास लावलंस! आजच्या आज टांग कोठारात. दहा गावांत माझा खटका कर्कश वाजतो नि लोक मला शिव्या देतात. त्यांचे कान वाचव!"

सगळे हसले. डोळे पुसत सुतारही हसला. दुपारपर्यंत आठ नव्या कड्या बसल्या, या वेळी खुणांसकट. कोठारात अस्तराचा नमुना टांगला गेला. चक्राच्या खांबावर एक पाटी लागली. काय कोणाकडून आणलं, ते सगळं तिच्यावर लिहिलं होतं आणि सगळ्यांत वर नाव होतं सुताराच्या बायकोचं. मग लेक पाळण्यात बसली आणि वरून आईला हाका मारत सुटली.

पुढे लांबलांबचे राजे त्याच सुताराला बोलावू लागले. पाळणे काय, पुष्कळ जण करत. पण आपल्या पाळण्यात काय कुठलं आहे, हे सांगणारा तो एकटाच होता.

यातून घ्यायचं ते एवढंच: दुसऱ्याचं घेऊन मोठं व्हावं, पण कोणाचं काय घेतलं हे जो पुसतो, त्याला आपलंही राखता येत नाही.