अबोलीचं तांब्याचं झाड

अबोलीचे बाबा बंद पडलेले पंखे दुरुस्त करायचे. पण चैत्रात ते शिडीवरून पडले आणि त्यांच्या उजव्या हाताची बोटं वळेनाशी झाली. दुकानाला कुलूप लागलं. घरात कधी नुसती पेज, तर कधी तीही नाही. आठ वर्षांची अबोली मात्र कधी कुरकुरली नाही. पंख्यांच्या जुन्या मोटारींतली तांब्याची तार पिळून ती वीतभर झाडं करायची, जपानी लोक कुंडीत वाढवतात त्या बोन्सायसारखी. वाकडं खोड, झुकलेल्या फांद्या आणि मुगाच्या डाळीएवढी चिमुकली पानं!

खऱ्या फांद्या कशा वळतात ते बघायला एका संध्याकाळी ती बागेत गेली. सोबत तिचं सगळ्यात सुंदर झाड होतं, बाबांसाठी महिनाभर खपून केलेलं. गुलमोहराखाली तिनं ते ठेवलं, तोच त्याच्या तांब्याच्या पानांत काहीतरी लुकलुकलं. बोटभर उंचीची एक परी फांदीवर बसली होती! मोरपिशी झगा, केसांत दवाचे मणी.

"माझ्या मापाचं झाड! किती गं गोड!" परी म्हणाली. "एक इच्छा माग. पण नियम आहेत हं. सूर्य मावळायच्या आत मागायची. आणि तू मागितलीस की मला लगेच आभाळात उडावं लागतं, तिथूनच ती पुरी होते."

'बाबांचा हात बरा होऊ दे' हे शब्द अबोलीच्या अगदी ओठांवर आले. तेवढ्यात तिला दिसलं, परीचा इवलासा पंख काट्यानं फाटला होता.

"अगं, तू उडशील कशी?"

"पडेन बहुतेक. तू नको काळजी करूस."

"असं कसं? थांब, हलू नकोस."

अबोलीनं आपल्या झाडाकडे पाहिलं आणि एकेक पान उलगडलं. त्या केसासारख्या बारीक तारेनं तिनं पंखाची जाळी विणली. बोटं टोचली, पण घाई केली नाही. शेवटचा वेढा घालून वर बघते तर सूर्य बुडालेला!

तिचे डोळे भरून आले. "राहू दे. दुखत नाही ना? उडून बघ."

परी उडाली. गुलमोहराच्या वर, देवळाच्या कळसाच्याही वर. तांब्याचा पंख केशरी झळकला आणि वरून किणकिणता आवाज आला, "मुली, इथून सूर्य अजून दिसतोय गं! माग लवकर!"

"माझ्या बाबांचा हात बरा होऊ दे!"

आभाळभर सोनेरी उजेड सांडला आणि परी त्यातच विरघळून गेली.

अबोली धावत घरी आली. बाबा उंबऱ्यावर बसून पाचही बोटं मिटत होते, उघडत होते, हसत होते, रडत होते.

"बाबा, हे झाड तुमच्यासाठी होतं. पण याला पानंच उरली नाहीत."

"मग दोघं मिळून करू. कसं वळवतेस, दाखव बरं मला."

बाबांचं पहिलं पान पार वेडंवाकडं झालं. अबोलीनं ते सगळ्यात वरच्या फांदीवर लावलं.