घारीनं घेतलेली कपार

लई वर्सांमागं कड्यावरच्या पाखरांची शर्यत लागायची. पंख न फडकवता, तापल्या वाऱ्यावर तरंगत समोरच्या डोंगराला वळसा घालून यायचं. जिंकंल त्याला वर्सभर कड्यातली कपार.

पंच होतं म्हातारं गिधाड. एका साली त्यानं नवे नियम केले: उंचीला गुण लावले, वजनाला सूट दिली आन् मागनं निघणाऱ्याला जादा गुण ठेवले. मग काय, त्या साली कुणी उडंचना!

"ससाणेराव, व्हा पुढं."

"छ्या, आधी तुम्ही!"

दुपार कलली, वारा निवायला लागला. घारीचा जीव वरखाली व्हायला लागला. अंडी घालायचे दिवस भरले होते, आन् गेल्या साली बाभळीवरची तिची अंडी वानरांनी फोडली होती.

"गिधाडबुवा, तुमचे गुण घाला चुलीत! आधी येईल त्याची कपार. मी निघाले!"

"नियम मोडतीस? शून्य गुण मिळतील!"

"द्या की!"

घार गेली, डोंगराला वळसा घालून आली आन् थेट कपारीत शिरली. गिधाड वरडलं, "ऊठ तिथनं! तू हरलीस!"

"मग जिंकलं कोण, ते तरी सांगा."

गिधाडानं मागं बघितलं. सगळी पाखरं अजून कड्यावरच बसली होती.

घारीनं त्यांच्यादेखत पहिलं अंडं घातलं.